घमेल्यातली कोथिंबीर

शहागंजच्या बाजारात भाजी घेतली, की पिशवीत सर्वांत शेवटी कोथिंबिरीची जुडी पडतेच. कुणी तिला सांबार म्हणतो, कुणी कोतमीर. नाव कोणतेही घ्या, पोह्यांवर, वरणावर, भेळेवर ती हवीच. डॉक्टर म्हणून मला मात्र या जुडीबद्दल दोन शब्द सांगावेसे वाटतात. मेथी, पालक, शेपू या भाज्या आपण शिजवून खातो. कोथिंबीर बहुतेक वेळा कच्चीच खातो, आणि तीही जेवण तयार झाल्यावर वरून भुरभुरतो. त्यामुळे पानावर जे काही चिकटलेले असेल, ते जसेच्या तसे पोटात जाते.

पानावर काय चिकटते? अनेक शहरांच्या आसपास नाल्याच्या किंवा गटारमिश्रित पाण्यावर पालेभाज्या पिकवल्या जातात. पुढे जुडी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर पाणी मारले जाते. ते पाणी कुठले, हे आपण कधी विचारत नाही. माणसाच्या विष्ठेतून टायफॉइडचे जंतू, काविळीचे विषाणू आणि जंतांची अंडी पाण्यात उतरतात आणि पानांच्या बेचक्यात अडकून बसतात. कोथिंबिरीचे पान नाजूक, कातरलेले. जुडी घट्ट बांधलेली. वरवर विसळल्याने आतली माती निघत नाही, तर अंडी कुठून निघणार?

यातला एक आजार मुद्दाम सांगतो, कारण तो ऐकून घरची मंडळी चकित होतात. पूर्वी कधी फिट न आलेल्या माणसाला एकाएकी फिट येते. मेंदूचा सी.टी. स्कॅन केल्यावर आत लहानशी गाठ दिसते. ती पट्टकृमीच्या अळीची असू शकते. हा कृमी डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात येतो. घरचे म्हणतात, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही!" त्यांचे म्हणणे खरे असते. पण ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यावाटे, भाजीवाटे किंवा न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली, की अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात. शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो, तो असा. आपल्या देशात फिट येण्याच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे.

एवढे वाचून कोथिंबीर सोडून द्यायची गरज नाही. निदान कच्ची खायची तेवढी कोथिंबीर घरी पेरावी, असे माझे सांगणे आहे. त्याला शेत लागत नाही. गच्ची, गॅलरी किंवा चार-पाच तास ऊन येणारी खिडकी पुरते.

आता कृती. सात-आठ इंच खोल, पसरट भांडे घ्यावे. जुने घमेले किंवा फुटका टब चालतो. फक्त बुडाला पाच-सहा भोके हवीत. मराठवाड्याची काळी माती नुसती भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तिला भेगा पडतात. दोन भाग माती, एक भाग जुने, पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण करावे. ताजे शेण घालू नये. खत काळपट, भुसभुशीत आणि बिनवासाचे असले म्हणजे ते कुजले असे समजावे.

बी म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्यातले धनेच. मात्र ते या हंगामातले असावेत, भाजलेले नसावेत. एका धन्यात दोन बिया असतात. म्हणून धने पाटावर घेऊन लाटण्याने किंवा चपलेच्या तळव्याने हलके रगडावेत. ते दुभंगले पाहिजेत, त्यांचे पीठ होता कामा नये. मग रात्रभर पाण्यात भिजवावेत. एका घमेल्याला चमचाभर धने पुरतात. अर्धा इंच खोल पेरून वर खताचा पातळ थर द्यावा आणि झारीने हलके पाणी शिंपडावे. अंकुर दिसेपर्यंत वर ओले गोणपाट ठेवले तर माती घट्ट होत नाही. अंकुर दिसताच गोणपाट काढावे.

येथे पुष्कळांचा धीर सुटतो. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून पाहू नये. सावकाश उगवणे हा या कुळाचाच स्वभाव आहे. गाजर, शेपू, ओवा, बडीशेप ही सारी याच कुळातली. युरोपात याच कुळातला सेलेरिॲक नावाचा कंद घरोघरच्या बागेत लावतात. त्याचे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक बिया बसतात. ते मातीत गाडायचे नसते, नुसते वर पसरायचे असते. उगवायला दोन-तीन आठवडे आणि कंद हाती यायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, तेही थंड हवेत. आपल्याकडची थंडी तेवढी टिकत नाही. त्या मानाने आपली कोथिंबीर फारच गुणी. चाळीस दिवसांत ती ताटात येते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा उत्तम काळ. उन्हाळ्यात ती पाने कमी देते आणि लवकर फुलावर येते, म्हणून दुपारच्या उन्हात वर जुने धोतर किंवा हिरवी जाळी बांधावी. एकाच दिवशी सगळे न पेरता दर पंधरा दिवसांनी एक घमेले पेरावे. तीन-चार घमेल्यांत चौकोनी कुटुंबाची वरून घालण्यापुरती सोय होते. रोपे उपटू नयेत. दोन इंच ठेवून कात्रीने कापावीत, म्हणजे पुन्हा एकदा पाने मिळतात.

पाण्याचा प्रश्न येणारच. आपल्या शहरात जायकवाडीचे पाणी नळाला किती दिवसांनी येते, यावरच घरचा हिशेब बसत आला आहे. तांदूळ, डाळ, फळे धुतलेले पाणी या घमेल्यांना खुशाल द्यावे. न्हाणीघराचे, कपड्यांचे किंवा मांस-मासळी धुतलेले पाणी देऊ नये, नाहीतर मूळ हेतूच फसला.

आणखी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, बियाण्याच्या दुकानातून आणलेल्या धन्यांना बुरशीनाशक औषध चोळलेले असू शकते. असे बी बहुधा गुलाबी, लाल किंवा हिरवे दिसते. ते विषारी असते. पेरून उरलेले धने मसाल्याच्या डब्यात टाकू नयेत, कोंबड्यांनाही घालू नयेत, आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. दुसरी, घमेल्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो. तिसरी, मोकळ्या मातीत मांजर घाण करते, कबुतरेही येतात, म्हणून वर जाळी असावी. मावा पडला तर जोरदार पाण्याने धुवावा, औषध मारू नये. घरची कोथिंबीरही खाण्यापूर्वी धुवावीच.

बाजारातून जुडी आणावी लागली, तर प्रथम ती सोडावी. मुळे आणि किडकी पाने काढून टाकावीत. मोठ्या पातेल्यात भरपूर स्वच्छ पाणी घेऊन हाताने ढवळून दोन-तीनदा पाणी बदलावे, शेवटी थोडी थोडी धारेखाली धरावी. मिठाचे किंवा व्हिनेगरचे पाणी वापरले म्हणजे निर्धास्त झालो, असे समजू नये. जंतांच्या अंड्यांचे कवच चिवट असते. घरात गरोदर स्त्री, लहान मूल किंवा नुकताच टायफॉइडमधून उठलेला माणूस असेल, तर विकतची कोथिंबीर त्यांना कच्ची न देता उकळत्या आमटीत घालून दोन-तीन मिनिटे शिजू द्यावी. सुगंध थोडा कमी होईल, पण काळजी मिटेल.

पहिल्यांदाच फिट आली, किंवा ताप पाच-सहा दिवस हटला नाही, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. आणि तोपर्यंत, घरातल्या डब्यातले चमचाभर धने आज रात्री भिजत घालायला काय हरकत आहे?