यकृतातील सौम्य अर्बुदे : प्रतिमांवरून निदान

यकृतातील सौम्य अर्बुद बहुधा अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अकल्पितपणे आढळते. परंतु ते कोणत्या जातीचे, याचा निर्णय तेवढ्यावरून क्वचितच होतो. त्यांतील हिमँजिओमा ओळखणे त्या मानाने सुकर होय. शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट द्रव्य त्याच्या कडेने ठिपक्याठिपक्यांनी शिरते व सावकाश मध्याकडे सरकते. सी. टी. व एम. आर. आय. दोहोंतही हे दिसते.

खरी अडचण आहे ती फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया आणि ॲडिनोमा यांतील भेदाची. पहिल्यास सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. दुसरा, विशेषतः ५ सेंटिमीटरांहून मोठा असल्यास, फुटून रक्तस्राव होण्याचे, क्वचित त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचेही भय असते. द्रव्य रोहिणीवाटे पोहोचताच दोन्ही सारखेच उजळतात आणि सी. टी. येथे अनेकदा अडखळतो. शिवाय रुग्ण बहुधा तरुण स्त्रिया, तेव्हा क्ष-किरणांचा विचारही करावा लागतोच.

गॅडॉक्सेटेट हे द्रव्य मात्र यकृतपेशी स्वतः शोषून घेतात. ते दिल्यावर सुमारे २० मिनिटांनी घेतलेल्या एम. आर. आय. प्रतिमेत पहिली गाठ उजळ राहते, ॲडिनोमा बहुधा काळा दिसतो. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, बीटा-कॅटेनिनच्या जनुकात उत्परिवर्तन झालेले काही ॲडिनोमाही हे द्रव्य धरून ठेवतात, आणि कर्करोगाकडे अधिक झुकणारे नेमके तेच. तेथे संशय उरल्यास बायॉप्सी करावी लागते.