प्रारण चिकित्सेचे अनुषंगी परिणाम
कर्करोगावर क्ष-किरण, गॅमा किरण इ. आयनीकारक प्रारणांनी उपचार करीत असताना रोगग्रस्त भागालगतच्या निरोगी ऊतकांवर जे अनिष्ट परिणाम होतात, त्यांना प्रारण चिकित्सेचे अनुषंगी परिणाम म्हणतात. याच काळात औषधांमुळे वा अन्य कारणांमुळे अंगावर पित्त उठणे, ताप येणे यांसारखे विकारही उद्‌भवतात व ते प्रारणाचेच समजले जातात. या दोहोंतील भेद ओळखणे व कोणत्याही कारणाने उपचार अर्धवट न सोडणे, यांवर रुग्णाचे हित बव्हंशी अवलंबून असते.

चंद्रपूर व (१९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेल्या) गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तंबाखू व सुपारी यांचे खर्रा हे मिश्रण तोंडात धरून ठेवण्याची सवय येथे फार पसरलेली असून ती मुखाच्या कर्करोगास कारणीभूत होते. उपचार नागपूर वा सेवाग्राम येथे घेतला काय किंवा चंद्रपूर शहरात घेतला काय, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांतून रोज येणे-जाणे अशक्यच असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की, भामरागडचा संपर्क तुटतो. त्रास होतो म्हणून मध्येच गावी परतलेला रुग्ण वेळेवर पुन्हा येईलच, याची खात्री नसते.

प्रारणामुळे कोशिकांतील (पेशींतील) डीएनएला इजा होऊन त्यांचे विभाजन थांबते. त्वचा, मुखाची व आतड्याची श्लेष्मकला यांच्या कोशिका सतत विभाजित होत असल्यामुळे त्यांवर परिणाम लवकर दिसतो. निरोगी ऊतकांना भरून येण्यास अवधी मिळावा म्हणून प्रारणमात्रा विभागून देतात. उदा., मुखाच्या कर्करोगात सामान्यतः ६० ते ७० ग्रे मात्रा आठवड्यातून ५ दिवस याप्रमाणे ६ ते ७ आठवड्यांत दिली जाते (१ ग्रे = प्रतिकिलोग्रॅम १ जूल ऊर्जा). बाहेरून दिलेल्या किरणांमुळे रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. त्यामुळे त्याला घरात वेगळे ठेवण्याचे किंवा लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

त्वचा : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्वचा लाल वा काळसर होते, कोरडी पडते व खाजते, पुढे काखेत, मानेवर वा जांघेत ती सोलवटून ओलसरही होते. त्रास उपचाराच्या अखेरीस व त्यानंतर सु. २ आठवडे सर्वांत अधिक असतो आणि बहुधा महिन्याभरात जखम भरते. हा परिणाम जेथे किरण पडतात त्याच भागापुरता मर्यादित असतो. तो भाग कोमट पाणी व सौम्य साबण यांनी हलक्या हाताने धुवावा. मात्र त्वचेवर आखलेल्या खुणा पुसू नयेत. सैल सुती कपडे वापरावेत व ऊन टाळावे. मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करण्यासारखी उन्हातील कामे या काळात करू नयेत. हळद, चुना वा झाडपाल्याचा लेप लावू नये. बिब्ब्याचे तेल तर निरोगी त्वचेवरही फोड आणते. प्रारणाने नाजूक झालेल्या त्वचेवर ते अत्यंत घातक ठरते.

अंगावर पित्त उठणे (शीतपित्त) : यात त्वचेतील मास्ट कोशिकांतून हिस्टामीन बाहेर पडून खाजणाऱ्या, फुगीर गांधी उठतात. त्या शरीरावर कोठेही येतात, जागा बदलतात आणि प्रत्येक गांध बहुधा २४ तासांत मावळते. प्रारणाने पित्त उठणे विरळ असून प्रतिजैविके, वेदनाशामके, सोबत दिलेली कर्करोगविरोधी औषधे, तपासणीपूर्वी शिरेतून दिलेले रंजक द्रव्य किंवा एखादा खाद्यपदार्थ ही नेहमीची कारणे होत. चिकटपट्टीमुळेही त्वचेवर खाज वा पुरळ उठू शकते. रानात खाजकुइलीची कुसे लागल्यानेही अशाच गांधी येतात. येथे ‘पित्त’ या शब्दाचा आम्लपित्ताशी संबंध नाही. आमसुलाचे पाणी चोळण्याचा घरगुती उपाय प्रारण दिलेल्या भागावर करू नये. नवे औषध केव्हा सुरू झाले, हे डॉक्टरांना सांगावे. त्यांच्या सल्ल्याने संशयित औषध बदलतात व सेटिरिझीनसारखे हिस्टामीनविरोधी औषध देतात. ओठ वा जीभ सुजणे, घरघर, दम लागणे, भोवळ ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असून त्यांवर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलीन टोचणे हा तातडीचा उपाय आहे. म्हणून रुग्णाला लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. मेंदूवर प्रारण घेत असताना आकडीसाठी फेनिटॉइन चालू असल्यास व अंगभर पुरळ, तोंडात फोड अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मुख व उदर : मुखाच्या उपचारात तोंड येते, लाळ कमी होते व चव जाते. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात; पेज, मऊ भात, वरण, दूध, अंडी असा मऊ व पौष्टिक आहार घ्यावा. किडलेले दात उपचारापूर्वीच काढून घ्यावेत, कारण नंतर काढल्यास जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. खर्रा, विडी व मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे. गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगात ओटीपोटावर प्रारण दिल्याने अतिसार व लघवीची जळजळ होते. त्यावर भरपूर पाणी, जलसंजीवनी व डॉक्टरांनी दिलेली औषधे घ्यावीत.

रक्त व ताप : ऊतकांत ऑक्सिजन कमी असल्यास प्रारणाचा प्रभाव घटतो, म्हणून रक्तक्षय असल्यास तो दुरुस्त करणे आवश्यक असते. या जिल्ह्यांत सिकलसेल विकार आढळत असल्याने त्याची तपासणी अगोदर करून घ्यावी. ताप आल्यास तो हिवताप असू शकतो, तसेच श्वेत कोशिका कमी झाल्याने झालेला जंतुसंसर्गही असू शकतो. त्यामुळे केवळ हिवतापाच्या गोळ्या घेऊन न थांबता रक्ताच्या दोन्ही तपासण्या कराव्यात.

खंड पडल्याचे परिणाम : उपचार थांबताच उरलेल्या कर्करोग कोशिका वेगाने वाढू लागतात. डोके व मान यांच्या कर्करोगात उपचाराचा काळ जितका लांबतो, तितकी रोग आटोक्यात येण्याची शक्यता दर दिवशी सु. १ टक्का वा अधिक घटते. गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगात अंतःप्रारणासह सर्व उपचार ८ आठवड्यांत पूर्ण करणे इष्ट असते. त्वचा व मुख यांचे बहुतेक तात्कालिक परिणाम काही आठवड्यांत ओसरतात, हुकलेले दिवस मात्र सहसा पूर्णपणे भरून काढता येत नाहीत. म्हणून दूरच्या गावच्या रुग्णाच्या राहण्याची सोय रुग्णालयाजवळ आधीच करावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश असून कर्करोग्यांना रेल्वेभाड्यातही सवलत मिळते. त्रास असह्य झाल्यास उपचारात बदल करावा किंवा काही दिवस विश्रांती द्यावी, हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असतो. रुग्णाने वा नातेवाइकांनी तो परस्पर घेऊ नये.