‘रागाच्या भरात झालं’ म्हणून सुटका नाही

वस्तीत खून झाला की हमखास ऐकू येते, “रागाच्या भरात झालं, सुटेल तो.” हा समज घरे उद्ध्वस्त करतो. म्हणून कायदा समजून घेतला पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम ३०० चा पहिला अपवाद आता कलम १०१ मध्ये आहे. गंभीर व अचानक प्रक्षोभाने मनाचा ताबा सुटून कुणाचा जीव घेतला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. गुन्हा कमी होतो, माफ होत नाही. मारण्याचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे कैद होते.

१९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीने निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीची कबुली ऐकल्यावर त्यांनी बायकामुलांना सिनेमाला सोडले, जहाजावरून रिव्हॉल्वर आणले, मग ते गेले. मध्ये सुमारे तीन तास. राग निवायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालय म्हणाले. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. पण आपल्या माणसामागे वर्तमानपत्रे आणि बडी मंडळी उभी राहत नाहीत.

बायकोवरचा संशय, मुलीचे मनाविरुद्ध लग्न, असा दिवसेंदिवस उरात जपलेला राग म्हणजे अचानक प्रक्षोभ नव्हे. बंधूंनो, विहारात पहिले शील आपण नेहमी घेतो. त्याची खरी परीक्षा रागाच्या क्षणीच असते.