सन्मानांच्या आधीचे दशक

२५ जुलै २०२४ रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले आणि मराठी वृत्तपत्रांनी त्यांना मनापासून निरोप दिला. उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराचे मानकरी अशी त्यांची ओळख पुन्हा पुन्हा छापून आली. ‘हरित वसई’ चळवळीचा उल्लेखही होता, पण बहुधा एखाद्या वाक्यापुरता.

वसईच्या वाड्यांमध्ये ज्यांनी १९८८ ते १९९८ हा काळ काढला, त्यांना हा हिशेब उलटा वाटतो. त्यांच्या लेखी फादरांची कसोटी त्याच दहा वर्षांत लागली. येशूच्या मागे चालायचे म्हणजे काय करायचे, हे वसईने तेव्हा डोळ्यांनी पाहिले. सन्मान पुढे आले, आणि तेही उशिरा.

मराठीत ख्रिस्ती निष्ठेची गोष्ट बहुतेकदा धर्मांतराची गोष्ट म्हणूनच सांगितली गेली. पंडिता रमाबाईंचा १८८३ मधला बाप्तिस्मा, रेव्हरंड टिळकांचा १८९५ मधला, मग समाजाचा रोष, घरची ताटातूट, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे हाल. या माणसांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण रमाबाई १९२२ मध्ये केडगावला वारल्या त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करता करता. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. दोघांनीही बाप्तिस्म्यानंतरची सगळी वर्षे किंमत मोजली. वाचकांच्या लक्षात मात्र तो पहिला दिवस राहिला.

वसईच्या ख्रिस्ती माणसाला असा पहिला दिवस नसतो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य बदलले, पण इथल्या समाजाने श्रद्धा सोडली नाही आणि आपली बोलीही सोडली नाही. धर्म इथे पाळण्यातच मिळतो. रविवारची मिस्सा चुकवायची नाही, सणाला चर्च सजवायचे, पोरांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद थाटात करायचा, की आपण निष्ठावंत अशी समजूत सहज होते. वसईचाच संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला, हे इथले प्रत्येक मूल शिकते. पण ते हौतात्म्य चारशे वर्षांपूर्वीचे आणि दूर जपानमधले.

दिब्रिटो १९४२ मध्ये नंदाखालला जन्मले. शाळा गावातच झाली. मग सेमिनरी, १९७२ मध्ये गुरुदीक्षा, समाजशास्त्राची आणि धर्मशास्त्राची पदवी. या वर्षांत सांगण्यासारखे फार नाही. एवढे नोंदवायला हवे की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वेदीवर जागा करून दिली होती, आणि त्यामुळे त्यांच्या पिढीच्या धर्मगुरूंना लोकांच्या भाषेत मिस्सा करता आली. १९८३ मध्ये ‘सुवार्ता’ मासिकाची सूत्रे त्यांच्या हाती आली ती २००७ पर्यंत राहिली. धर्मग्रामांच्या बातम्या आणि प्रार्थना यांवर हे मासिक सुखाने चालले असते. त्यांनी ते शेतीच्या, पाण्याच्या, स्त्रियांच्या प्रश्नांना आणि एकूण मराठी साहित्याला खुले केले. ज्ञानोबा-तुकोबांना ते आपले मानत आणि तसे लिहीतही.

मग १९८८ उजाडले. वसई-विरार पट्ट्यातली मोठी हिरवी जमीन बांधकामाला मोकळी करण्याचे सरकारने ठरवले. १९९० मध्ये नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. मुंबईत घर न परवडणारा माणूस लोकलने इकडे येत होता. त्याची गरज खरी होती आणि तिच्यावर पैसा करणारेही तयार होते. वातावरण दहशतीचे होते. १९८९ मध्ये नालासोपारा स्टेशनवर एका बांधकाम व्यावसायिकाची गोळ्या घालून हत्या झाली. त्या दिवसांत जमिनीच्या व्यवहाराविषयी बोलायचे तर माणूस आधी मागे वळून बघत असे.

नव्या इमारतींना पुरेसे नळाचे पाणी नव्हते. म्हणून टँकर आले. ते भरायचे कुठून? गावांतल्या विहिरींतून.

इथे थोडे जवळून पाहायला हवे. वसईचा पश्चिम पट्टा समुद्राला लागून आहे. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. वाडीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा थर सांभाळला. वाड्यांमधली बावखले म्हणजे खोलगट तळी. ती पावसात भरत, उन्हाळ्यापर्यंत वाडी भिजवत आणि विहिरींना पाझर देत. केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला हे सगळे त्या बेतशीर उपशावर उभे होते. टँकरचा जाड पाइप विहिरीत पडला आणि मोटर रात्रभर चालली, की गोड्या पाण्याचा थर संपतो आणि खारे पाणी वर सरकते. वाडीवाल्याला ते आधी केळीवर दिसते. पानाच्या कडा तपकिरी होतात, मग करपतात. पानवेल खुरटते. घरात डाळ शिजेनाशी होते. आणि एकदा खारावलेली विहीर एका पावसाळ्यात पूर्ववत होत नाही. शेजाऱ्याने पाणी विकले म्हणून आपली वाडी गेली, असे सांगणारी घरे त्या काळात गावोगाव होती.

विहीर ज्याची, पाणी त्याचे, असा लोकांचा समज होता. पाणी विकणाऱ्यांत आणि जमिनी विकणाऱ्यांत मिस्सेला येणारेही होते. फादरांची वाट खरी अवघड झाली ती इथे. बाहेरून आलेल्या बिल्डरविरुद्ध प्रवचन करणे एक वेळ जमते. समोरच्या बाकावर बसलेल्या, चर्चला देणगी देणाऱ्या, आपल्याच गावच्या माणसाला ‘हे पाणी तुझ्या एकट्याचे नाही’ असे सांगायला वेगळी छाती लागते. फादरांनी ते सांगितले. ‘सुवार्ता’त लिहिले, सभांतून बोलले, आणि ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या नेतृत्वात उभे राहिले. ही चळवळ एकट्या ख्रिस्ती लोकांची कधीच नव्हती. प्राध्यापक मार्कुस डाबरे यांच्यासारखे सहकारी तिला मिळाले, हिंदू शेजारी बरोबरीने आले, बायका घरकाम टाकून मोर्चांत उतरल्या. निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले, न्यायालयाची पायरीही चढावी लागली. फादरांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ते मागे हटले नाहीत.

तेव्हा त्यांना जे ऐकून घ्यावे लागले ते विसरता कामा नये. फादरांचा आणि पाण्याचा काय संबंध, असे राजकारणी विचारत. विकासाच्या आड येणारा पाद्री, अशी कुजबुज बाजारात चाले. आणि सगळ्यांत लागणारे बोल चर्चमधून येत: धर्मगुरूने वेदी सांभाळावी, टँकर पोलिस बघतील. असे म्हणणारे भाविकच होते, प्रार्थनेला नियमित होते. पण शिष्यत्व चर्चच्या आवाराबाहेर आले की त्यांना ते राजकारण वाटे.

त्यांना उत्तर त्याच वर्षांत मिळाले होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ जानेवारी १९९० च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश निसर्गाच्या रक्षणाला वाहिला होता. सृष्टीची नासाडी हा श्रद्धेचा आणि नीतीचा प्रश्न आहे, असे त्यात स्पष्ट होते. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले. धरित्रीची आणि गरिबांची हाक एकच आहे, हा त्याचा गाभा. जगभरच्या चर्चने ते डोक्यावर घेतले, वसईतही त्यावर व्याख्याने झाली. त्या व्याख्यानांना टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांनी पंचवीस वर्षांपूर्वी फादरांना गप्प बसायला सांगितले होते, हे ज्याचे त्याने आठवावे. आपण चुकलो, असे त्यांच्यापैकी कोणी जाहीरपणे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

१९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. समाजाचा मान वाढला, संस्था वाढल्या. चळवळीचा जोर मात्र ओसरत गेला. मोर्चांत चाललेले लोक म्हातारे झाले आणि त्यांची मुले नोकरीसाठी मुंबईला, आखातात, कॅनडाला गेली. वाडी राखायला घरी कोणी उरले नाही, तेव्हा ती विकणे सोयीचे झाले. घरातली पोरे इंग्रजी शाळेत गेली आणि ‘सुवार्ता’ आजी-आजोबांच्या उशाशी राहिली. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका आली. तिच्यात जायला नको म्हणणाऱ्या गावांनी पुन्हा लढा दिला आणि २९ गावांचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडला. फादर या काळातही बोलत होते, लिहीत होते. बायबलच्या अनुवादाचे वर्षानुवर्षांचे काम त्यांनी याच धबडग्यात केले, आणि २०१३ चा अकादमी पुरस्कार त्याच कामाला मिळाला.

उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये जे दिसले ते याच सवयीतून आले होते. ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाध्यक्ष कसा, म्हणून आधी विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले फादर चाकांच्या खुर्चीतून व्यासपीठावर आले आणि देशातल्या हिंसेविषयी जे बोलायचे ते स्पष्ट बोलले. महाराष्ट्राला त्या धैर्याचे नवल वाटले. वसईला वाटायचे कारण नव्हते. धमकी आली तरी बोलायचे, हा सराव त्यांना तीस वर्षांचा होता.

आता वसईचे काय झाले ते पाहावे. जुलै २०१८ मध्ये पावसाने वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्यात राहिली, लोकल बंद पडल्या, मिठागरातली माणसे अडकली. पाणी वाहून जाण्याच्या जागा भरावाने बुजल्या होत्या, आणि हेच होईल असे ‘हरित वसई’ची माणसे १९८९ पासून सांगत होती. फादर गेल्यानंतर काही महिन्यांतच नालासोपाऱ्यात ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडाव्या लागल्या. कर्ज काढून घर घेतलेली गरीब कुटुंबे रस्त्यावर आली. ज्यांनी त्या बांधल्या आणि ज्यांनी बांधू दिल्या त्यांनी पैसे केव्हाच केले होते. पश्चिमेकडच्या गावांत आज जी हिरवाई उरली आहे ती ज्या लढ्यामुळे उरली, त्याची माहिती तिथल्या विशीतल्या मुलांना नाही. बावखले अजूनही बुजवली जात आहेत, कधी बाहेरच्यांकडून, कधी घरच्यांकडूनच.

गुरुदीक्षेपासून मृत्यूपर्यंत बावन्न वर्षे हा माणूस एकाच शब्दाला जागला. त्यांचे स्मरण केवळ साहित्यिक म्हणून करणे सोपे आहे, कारण त्यात कोणाला काही सोडावे लागत नाही. वसईतल्या प्रत्येक धर्मग्रामाने येत्या २५ जुलैच्या आधी आपल्या हद्दीतल्या बावखलांची आणि गोड्या विहिरींची यादी करावी, बुजलेल्यांच्या नोंदी त्यात घालाव्यात, ती चर्चच्या दारावर लावावी आणि महापालिकेला द्यावी. उरलेल्या एकाही बावखलात भराव पडणार नाही, एवढी जबाबदारी गावाने घ्यावी. स्मृती-व्याख्याने त्यानंतर ठेवावीत.