वस्ती नवी, साथ जुनी

25 ऑगस्ट 2017 नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित बांगलादेशात आले. कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या कुतुपालाँगच्या टेकड्यांवर बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांचे अफाट गाव वसले. दाटी, तुंबलेले शौचखड्डे आणि दूषित पाणी पाहून सगळ्यांना धास्ती होती कॉलऱ्याची. प्रत्यक्षात आधी डोके वर काढले गोवराने आणि नोव्हेंबरात आला घटसर्प, जो अनेक तरुण डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचला होता.

हे आजार छावणीच्या मातीत उगवले नव्हते. राखाइनमध्ये, विशेषतः 2012 च्या हिंसाचारानंतर, रोहिंग्यांपर्यंत नियमित लसीकरण नीट पोहोचत नव्हते. वर्षानुवर्षे साचलेली ही उणीव एका जागी गोळा झाली, एवढेच. म्हणूनच घटसर्पाच्या रुग्णांत तान्ह्या बाळांपेक्षा शाळकरी वयाची मुले जास्त दिसली. साथीतल्या मुलांचे वय पाहिले की लस कोणत्या काळात चुकली ते कळते.

गोवर सर्वांत वेगाने पसरतो. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करतो. घटसर्पाला जवळचा सहवास लागतो आणि एका खोलीच्या झोपडीत तो आयताच मिळतो. घशात करडा पडदा धरतो, श्वास कोंडतो, जंतूंचे विष हृदयापर्यंत जाते. त्यावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते. जगात घटसर्प कमी झाल्याने त्याचे उत्पादनही आटले होते, त्यामुळे ते जपून वापरावे लागले. रुग्णाच्या घरच्यांना प्रतिजैविके दिली गेली, मुलांसाठी लसीकरणाच्या फेऱ्या झाल्या. तरीही हजारो रुग्ण नोंदले गेले आणि चाळीसहून अधिक जण दगावले.

कॉलऱ्याचे काय झाले? ऑक्टोबर 2017 मध्येच 9 लाख डोसांचा साठा आणून तोंडावाटे लस देण्यात आली. जोडीला पाणी-शौचालयांची कामे झाली. ज्या साथीची सर्वाधिक भीती होती, तिचा मोठा उद्रेक झालाच नाही.

मुंबईत 2022 च्या गोवर-साथीतही गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलेच प्रामुख्याने सापडली. म्हणून ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरात बिऱ्हाड हलवताना मुलाचे लसीकरण कार्ड सोबत घ्या. ते हरवले असले, तरी नव्या गावातल्या आरोग्य केंद्रात जा. राहिलेले डोस तिथेही मोफत मिळतात.