शक्तिमान संगणकाची शांतता

गणित करताना संगणकाला आवाज करण्याचे वास्तविक काही कारण नाही. त्याचे सारे काम सिलिकनच्या लहानशा चकत्यांमध्ये विद्युत्प्रवाह सुरू व बंद होण्याने चालते आणि ह्या क्रियेचा कानाला पत्ताही लागत नाही. तथापि चलच्चित्रांचे संपादन, इमारतींचे त्रिमितीय आराखडे किंवा एखादी प्रदीर्घ आकडेमोड हाती घेताच मेजाखालची पेटी घोंघावू लागते. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात हा घोंघावा वाचकाचे चित्त विचलित करतो. अंध विद्यार्थ्यांकरिता पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करावयाच्या खोलीत तर तो निवेदकाच्या आवाजाबरोबरच मुद्रित होतो आणि पुढे पुस्तक ऐकणाऱ्याच्या कानी वाक्यावाक्यांमधील प्रत्येक विरामात येत राहतो.

हा आवाज मुख्यतः उष्णता बाहेर घालविणाऱ्या पंख्यांचा असतो. म्हणून ज्याला शक्तिमान आणि तरीही शांत संगणक जुळवावयाचा आहे, त्याने प्रथम उष्णतेचा हिशेब मांडावा. पंखा, प्रोसेसर, वीजपुरवठा व पेटी ह्यांची निवड त्या हिशेबातून आपोआप ठरत जाते.

उष्णतेचा हिशेब

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. 1946 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. त्याच्या सुमारे 18,000 निर्वात नलिकांना सुमारे 150 किलोवॅट वीज लागे आणि ती उष्णता काढून नेण्यास जोरदार हवेचे झोत सोडावे लागत. आजचा संगणक त्याहून कितीतरी पटींनी वेगवान असला, तरी निसर्गाचा नियम तोच आहे. जड काम करताना एखादा संगणक 400 वॅट वीज घेत असेल, तर 400 वॅटची शेगडी पेटीत ठेवल्यासारखेच ते होय.

ही उष्णता नेण्यास किती हवा लागेल? एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे 1.2 किलोग्रॅम असते आणि 1 किलोग्रॅम हवेचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे 1,000 जूल ऊर्जा लागते. म्हणजे 1 घनमीटर हवा 10 अंशांनी तापताना सुमारे 12,000 जूल उष्णता घेऊन जाते. चारशे वॅट म्हणजे दर सेकंदास 400 जूल; ते नेण्यास दर सेकंदाला सुमारे 33 लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्याभर हवा पेटीतून गेली पाहिजे. उष्णता निम्मी झाली, तर एक बादली पुरते. शांततेची पहिली पायरी म्हणजे उष्णता मुळात कमी निर्माण करणे, हे ह्यावरून स्पष्ट होईल.

कान आणि डेसिबेल

ध्वनीची पातळी डेसिबेल ह्या एककात मोजतात. ही साधी बेरीज-वजाबाकीची मोजपट्टी नाही. पातळी 10 डेसिबेलने वाढली की ध्वनीची शक्ती दसपट होते. कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. दोन सारखे पंखे एकत्र चालू केले, तर पातळी केवळ 3 डेसिबेलने वाढते. भारतातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा, रुग्णालये व न्यायालये ह्यांभोवतीच्या शांतता क्षेत्राला दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबेलची मर्यादा घातली आहे. ह्यावरून लहान वाटणाऱ्या आकड्यांचे महत्त्व ध्यानात यावे.

ह्या मोजपट्टीतून निवडीचा एक मोलाचा नियम निघतो. पेटीत 40 डेसिबेलचा एक व 30 डेसिबेलचा दुसरा भाग असेल, तर दोहोंचा मिळून आवाज 40.4 डेसिबेल होतो. दुसरा भाग काढून टाकला, तरी कानाला फरक कळणार नाही. पहिला काढला, तर आवाज निम्माच वाटेल. म्हणून सर्वांत मोठा आवाज कोणाचा हे प्रथम शोधावे व खर्च तेथे करावा.

आवाजाची जातही पाहावी लागते. वाऱ्याच्या सळसळीसारखा मिश्र आवाज कान लवकर विसरतो. एकाच स्वराची बारीक शीळ मात्र तितक्याच पातळीला अधिक त्रास देते.

पंखा: मोठा व संथ

पंख्याचे नियम फार उपकारक आहेत. त्याची गती निम्मी केली, तर हवा निम्मी वाहते, त्याला लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते आणि आवाज सुमारे 15 डेसिबेलने उतरतो. आता एका पूर्ण गतीच्या पंख्याच्या जागी निम्म्या गतीचे दोन पंखे शेजारी शेजारी लावले, अशी कल्पना करावी. वाट मोकळी असल्यास हवा तेवढीच वाहील. दोन पंख्यांमुळे 3 डेसिबेल वाढले, तरी एकंदर आवाज सुमारे 12 डेसिबेलने कमी होईल; म्हणजे कानाला तो निम्म्याहूनही कमी वाटेल.

आकार वाढविण्याचा लाभही असाच आहे. 120 मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ 80 मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असते; त्यामुळे तेवढीच हवा तो पुष्कळ कमी गतीने ढकलू शकतो. म्हणून 120 किंवा 140 मिलिमीटरचे पंखे बसतील अशी पेटी घ्यावी. चार तारांचा पंखा पसंत करावा. त्याची गती सुमारे 25,000 हर्ट्झच्या विद्युत्-स्पंदांनी नियंत्रित होते आणि ही वारंवारता मानवी कानाच्या मर्यादेपलीकडची आहे. पंखा रबराच्या खुंट्यांवर बसविल्यास त्याची थरथर पत्र्याला लागत नाही; एरवी तोच पत्रा तबल्याच्या पुडीप्रमाणे आवाज वाढवितो.

प्रोसेसर आणि त्याचा उष्णताविसर्जक

प्रोसेसरमधील शक्तिव्यय स्थूलमानाने त्याच्या गतीच्या व विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गती व दाब दोन्ही 10 टक्क्यांनी उतरविली, तर व्यय 0.9 × 0.9 × 0.9, म्हणजे सुमारे 0.73 वर येतो. वेगाचा एक-दशांश सोडून उष्णतेचा पाव हिस्सा वाचविण्याचा हा सौदा शांततेच्या दृष्टीने अत्यंत फायद्याचा होय. 2022 मध्ये आलेल्या एएमडी कंपनीच्या रायझन 9 7950एक्स ह्या 16 गाभ्यांच्या प्रोसेसरचे निर्धारित उष्णतामान 170 वॅट आहे. परंतु 105 किंवा 65 वॅटच्या मर्यादेत तो चालविण्याची सोय उत्पादकानेच ठेवली आहे. अनेक गाभ्यांचा प्रोसेसर घेऊन तो सावकाश चालविणे हे थोड्या गाभ्यांना जोराने पळविण्यापेक्षा बहुधा शांत ठरते. मात्र काम अनेक गाभ्यांत वाटता येण्याजोगे असले पाहिजे.

निर्माण झालेली उष्णता विस्तीर्ण पृष्ठभागावर पसरविण्याचे काम धातूच्या पात्यांचा उष्णताविसर्जक करतो. त्यातील तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्यांच्या आत थोडे पाणी कमी दाबाखाली बंद केलेले असते. तप्त टोकाशी पाण्याची वाफ होते, थंड टोकाशी ती निवते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येते. ह्या उष्णतानलिकेचा विकास 1963 मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी केला. हलता भाग एकही नसल्याने ती निःशब्द असते. विसर्जक जितका मोठा, तितका पंखा संथ चालतो. प्रोसेसर व विसर्जक ह्यांच्यामध्ये हवेची पोकळी राहू नये म्हणून थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा. जाड थर उलट उष्णतेला अडवितो.

द्रवशीतनाविषयी एक गैरसमज आढळतो. द्रव उष्णतेचा नाश करीत नाही, तो तिला फक्त दुसरीकडे वाहून नेतो. तेथेही पंखे लागतातच, शिवाय पंपाची गुणगुण वाढते. फार मोठी उष्णता असेल तेव्हा हे साधन उपयोगी आहे. मध्यम उष्णतेला मोठा वायुशीतक पुरेसा होतो.

ग्राफिक्स कार्ड

शक्तिमान संगणकातील सर्वांत मोठी शेगडी बहुधा हीच असते. 2022 मधील एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4090 ह्या कार्डाची शक्तिमर्यादा 450 वॅट आहे. ज्या कामाला असे कार्ड लागत नाही, तेथे ते न घेणे हाच उत्तम उपाय. घ्यावयाचेच असेल, तर रुंद पंख्यांचे व जाड विसर्जकाचे निवडावे आणि त्याची शक्तिमर्यादा थोडी खाली आणावी. काही कार्डांतून जड कामाच्या वेळी बारीक शीळ येते. ती पंख्याची नसून, वेगाने बदलणाऱ्या प्रवाहामुळे थरथरणाऱ्या विद्युत्-वेटोळ्यांची असते. पंखा बदलून ती जात नाही.

वीजपुरवठा आणि साठवण

1977 च्या ‘ॲपल 2’ संगणकात पंखा नव्हता. रॉड होल्ट ह्यांनी त्यासाठी रचलेला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा कमी तापत असे, म्हणून हे साधले. तोच धडा आजही लागू आहे. संगणकाच्या भागांना 400 वॅट द्यावयाचे असता 80 टक्के कार्यक्षमतेचा संच भिंतीतून 500 वॅट घेतो आणि 100 वॅट स्वतःच तापण्यात घालवितो. 90 टक्क्यांचा संच सुमारे 44 वॅटच घालवितो. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘80 प्लस’ ह्या प्रमाणन योजनेतील पदकांची नावे हीच कार्यक्षमता दर्शवितात. गरजेपेक्षा बऱ्याच अधिक क्षमतेचा संच घेतल्यास तो अर्ध्या भारावर थंड राहतो; काही संचांचा पंखा अशा वेळी पूर्ण थांबतो.

मिनिटाला 7,200 फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते आणि तेवढ्याच वारंवारतेची घरघर पेटीला देते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. म्हणून रोजच्या कामाला एसएसडी ठेवावी आणि मोठा संग्रह हार्ड डिस्कवर ठेवणे भाग असल्यास ती शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावी.

पेटी, धूळ आणि उन्हाळा

पुष्कळ लोक सर्वप्रथम पेटीला आतून स्पंजाचे अस्तर लावतात आणि झरोके बुजवितात. हा क्रम उलटा आहे. झरोके बुजले की आतील तापमान वाढते, पंखे गती घेतात आणि स्पंजाने वाचविलेले डेसिबेल पंखे वसूल करतात. समोर मोकळी जाळी व मागे निर्वेध वाट असलेली पेटी संथ पंख्यांनाही पुरते.

भारतीय हवामानाचा विचार येथे अवश्य करावा. एखादा भाग 85 अंशांवर जाऊ द्यावयाचा नाही असे ठरविले, तर 25 अंशांच्या खोलीत 60 अंशांचे अंतर हाताशी असते; वैशाखातील 40 अंशांच्या खोलीत 45 च उरते. तेवढीच उष्णता घालविण्यास तिच्या वाटेतील अडथळा आता पाव हिश्शाने घटविला पाहिजे. हिवाळ्यात निःशब्द भासलेला संगणक उन्हाळ्यात घोंघावतो तो ह्यामुळे. म्हणून विसर्जक निवडताना हिशेब उन्हाळ्याचा धरावा. जाळीवर बसलेली धूळही असाच अडथळा आणते. ती नियमाने झाडावी.

पंखा पूर्ण वर्ज्य करण्याचा मार्गही आहे. ॲपल कंपनीच्या 2000 सालच्या ‘पॉवर मॅक जी 4 क्यूब’मध्ये तापलेली हवा हलकी होऊन माथ्यावरील झरोक्यातून आपोआप निघून जाई. परंतु अशा नैसर्गिक प्रवाहाची शक्ती मर्यादित असते. शेकडो वॅटची उष्णता सामान्य आकाराच्या पेटीतून केवळ त्याच्या बळावर काढणे कठीण आहे. पंखे बंद करून भाग तापू दिले, तर प्रोसेसर स्वतःच आपली गती घटवितो आणि ज्या शक्तीसाठी पैसे मोजले तीच हरवते.

सारांश, आधी उष्णता कमी निर्माण करावी, मग ती मोठ्या पृष्ठभागावर पसरवावी, नंतर मोठ्या व संथ पंख्यांनी बाहेर न्यावी आणि उरलेली थरथर रबराने अडवावी. ह्यानंतरही जो आवाज राहील त्यास अंतर हा उपाय आहे: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी 6 डेसिबेलने उतरते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पेटी भिंतीपलीकडे ठेवून केवळ पडदा व कळफलक आत घेतला, तर पुस्तक ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला विरामाच्या जागी विरामच ऐकू येईल.