दुसऱ्याच्या नावावरील वाहन मोडीत काढताना

चिमूर परिसरात अनेक घरांच्या अंगणात एखादी जुनी दुचाकी गंजत उभी असते. वडील निवर्तले, थोरला भाऊ कामासाठी दूर गेला, अथवा नातलगाकडून गाडी घेतली आणि नाव बदलण्याचे राहून गेले. मग भंगारवाला येतो, पैसे देतो, गाडी घेऊन जातो. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत मात्र ती जुन्याच नावावर जिवंत राहते.

यातील धोका खरा आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निर्णय दिला. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे होती. २००९ साली झालेल्या अपघाताच्या नुकसानभरपाईचा भार न्यायालयाने त्याच्यावरच ठेवला. भंगारात दिलेली गाडी कोणी दुरुस्त करून रस्त्यावर आणली, तर नोंदीतील मालकाच्या दारीही हाच प्रसंग येऊ शकतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ अन्वये, कायमचे निकामी झालेल्या वाहनाची माहिती मालकाने १४ दिवसांत कार्यालयास देऊन नोंदणी प्रमाणपत्र परत करावयाचे असते. मालक हयात असल्यास अर्जावर त्याचीच सही हवी. तो येऊ शकत नसेल तर त्याचे अधिकारपत्र घ्यावे. मालक निवर्तला असल्यास वारसाने ३० दिवसांत कार्यालयास कळवावे आणि ३ महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करून गाडी स्वतःच्या नावे करून घ्यावी. मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा त्यासाठी लागतो. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा. चिमूरकरांना या कामी चंद्रपूर गाठावे लागते, म्हणून 'वडिलांची सही तुम्हीच करा' असा सोपा सल्ला मिळतो. मृताच्या नावाने केलेली सही ही बनावट सही होय. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, हे श्रद्धावंतांना वेगळे सांगावयास नको.

२०२१ च्या नियमांनुसार वाहन नोंदणीकृत मोडणी केंद्रातच द्यावे. केंद्र प्रथम वाहन जमा केल्याचे व नंतर मोडल्याचे प्रमाणपत्र देते. दोन्ही जपून ठेवावीत आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री कार्यालयात करून घ्यावी.

धर्मग्रामाच्या वाहनांकडेही पाहावे. बदलून गेलेल्या फादरांच्या वैयक्तिक नावावर एखादी जीप राहिली असेल, तर ते संपर्कात आहेत तोवरच त्यांची सही घ्यावी. वाहन संस्थेच्या नावे असल्यास विश्वस्तांचा ठराव करून सहीचा अधिकार कोणास दिला, ते त्यात नोंदवावे.